ओठ एकीकडे, आवाज एकीकडे: फोनवर शूट केलेल्या सराव-सीनचा सिंक कुठे बिघडतो आणि कसा दुरुस्त करायचा

दोन पात्रं, एक खोली, दोन-तीन मिनिटांचा संवाद. चित्रण फोनवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा दुसऱ्या फोनला लावलेल्या कॉलर माइकवर. विद्यार्थी गटाच्या सराव-सीनची ही नेहमीची मांडणी आणि तिच्यात हमखास येणारा बिघाडही ठरलेला: टाइमलाइनवर सगळं लागतं, पण बोलणाऱ्याचे ओठ आणि त्याचा आवाज जुळत नाही. एडिटला बसलेला मुलगा किंवा मुलगी आवाज दोन फ्रेम मागे सरकवते. सुरुवात जुळते, शेवट सुटतो. शेवट जुळवला की सुरुवात सुटते. सबमिशनच्या आदल्या रात्रीचे तीन-चार तास त्यातच जातात.

सरकवण्याआधी मोजा. तफावत किती आहे आणि ती टेकभर, म्हणजे एका सलग चित्रणात, तेवढीच राहते की वाढत जाते, या दोन गोष्टी कळल्या की कारण शोधायला फारसं काही उरत नाही.

आधी लक्षणं नीट ओळखा

टेकची पहिली दहा सेकंदं आणि शेवटची दहा सेकंदं, दोन्ही पाहा. मधलं आत्ता सोडून द्या. पाहताना प, फ, ब, भ, म असलेले शब्द पकडा. ही ओष्ठ्य व्यंजनं, म्हणजे ती उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. "आई, इकडे ये" या वाक्यावर सिंक तपासता येत नाही, "बाबा, पाणी" यावर लगेच येतो. "पाणी"मधला प बारकाईने पाहा: ओठ मिटलेले असताना वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, जवळजवळ सपाट असते आणि ओठ उघडतात त्याच फ्रेमला एक बारीक टोकदार उंचवटा येतो. म असेल तर ओठ मिटलेले असतानाही गुणगुण चालू असते, म्हणून मोजायला प आणि ब जास्त बरे. बाणाच्या कीने एकेक फ्रेम पुढे जा, ओठ उघडलेली पहिली फ्रेम शोधा, तो उंचवटा तिच्यापासून किती फ्रेम लांब आहे ते कागदावर लिहा. टेकच्या शेवटी पुन्हा तेच करा.

आता हाती आलेलं लक्षण यातलं कुठलं ते बघा.

तफावत सुरुवातीला आणि शेवटी सारखीच असेल, समजा दोन्हीकडे पाच फ्रेम, तर बिघाड ऐकण्याच्या साधनात किंवा सिंक लावताना झालेल्या चुकीत आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार.

सुरुवातीला जुळलेलं असून हळूहळू, एकाच गतीने सुटत जात असेल, तर कुठेतरी दोन घड्याळांचं गणित चुकलं आहे: फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) किंवा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने).

मध्येच उडी असेल, म्हणजे पहिला मिनिट ठीक, मग अचानक चार फ्रेमचा फरक, पुढे कधी कमी कधी जास्त, तर फोनने फ्रेम रेट बदलता ठेवला आहे, फ्रेम गाळल्या आहेत किंवा आवाजाच्या अ‍ॅपने शांत जागा कापून टाकल्या आहेत.

आवाज सुटतोही आणि शिवाय जाड, सुस्तावलेला किंवा चिरका वाटतो? सॅम्पल रेट.

आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ येत असेल, तर एकच संवाद दोन ट्रॅकवर वाजतो आहे.

एका विशिष्ट कटपर्यंत सगळं बरोबर आणि त्यापुढचं सगळं सरकलेलं असेल, तर तो एडिटमधला अपघात आहे, शूटमधला नव्हे.

किती फरकाला फरक म्हणायचं हेही ठरवून घ्या. २५ फ्रेम प्रतिसेकंदाला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, ३० ला साधारण ३३ ची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीत प्रेक्षकाला फरक जाणवू लागण्याची मर्यादा दिली आहे: आवाज चित्राआधी आला तर साधारण ४५ मिलिसेकंद, चित्रानंतर आला तर साधारण १२५. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कारण लांबून येणारा आवाज उशिरा पोचतो याची आपल्याला जन्मापासून सवय असते, पण आवाज आधी आणि ओठ नंतर असं निसर्गात कधीच घडत नाही. त्यामुळे आवाज दोन फ्रेम आधी येत असेल तर तो दुरुस्त करायलाच हवा. एक फ्रेम उशीर असेल तर झोप घालवू नका.

१. ब्लूटूथ काढा, तारेचा इअरफोन लावा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज आधी दाबून बांधला जातो, पाठवला जातो आणि पलीकडे उलगडला जातो. त्यात सहज १५० ते २५० मिलिसेकंद जातात, म्हणजे २५ च्या टाइमलाइनवर चार ते सहा फ्रेम. व्हिडिओ पाहायची काही अ‍ॅप हा उशीर लक्षात घेऊन चित्र मागे ठेवतात, एडिटिंग सॉफ्टवेअरवर तसा भरवसा ठेवता येत नाही. मग एडिटर जुळलेला सिंक "दुरुस्त" करायला आवाज पाच फ्रेम आधी ओढतो आणि बाकीच्या सगळ्यांना तो सीन बिघडलेला दिसतो. वर्गातल्या प्रोजेक्टरचंही हेच होतं: चित्र एचडीएमआयने, आवाज ब्लूटूथ स्पीकरवर. तारेच्या इअरफोनवर, त्याच लॅपटॉपवर सिंक बरोबर असेल तर फाइलला हात लावू नका.

२. लॅपटॉप धापा टाकतोय का ते बघा

फोनची फोर-के फाइल, त्यातून एच.२६५ मध्ये दाबलेली, आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉप. प्लेबॅक अडखळतो, सॉफ्टवेअर आवाज अखंड ठेवायला चित्राच्या फ्रेम गाळतं आणि सिंक गेल्यासारखा वाटतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पाहण्याच्या चौकटीवर चालू फ्रेम रेट दिसतो आणि पुरेसा वेग मिळत नसेल तर त्याच्या शेजारचा ठिपका लाल होतो. तसं दिसलं तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती हलकी प्रत, बनवा, किंवा अडकलेला तुकडा वीस सेकंदांपुरता एक्सपोर्ट करून साध्या प्लेयरमध्ये पाहा. एक्सपोर्टमध्ये जुळत असेल तर बिघाड फक्त दिसण्याचा होता.

३. टाइमलाइनवर चित्राला आवाजापासून कुणी तोडलं?

लिंक सुटलेली असताना एखादा कट ओढला की चित्र सरकतं, आवाज जागीच राहतो. रिपल डिलीट (तुकडा काढून पुढचं सगळं त्या जागी ओढून घेणं) करताना आवाजाचा एखादा ट्रॅक लॉक केलेला असेल तर त्या जागेपुढचं सगळं घसरतं. प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडीतली क्लिप सरकली की तिच्यावर लाल आकडा उमटतो: अधिक पाच, उणे पाच असा. तो आकडा म्हणजे सुटलेल्या फ्रेमची संख्या. त्यावर राइट-क्लिक केलं की पुन्हा जागेवर आणायचा पर्याय मिळतो.

गटात काम करताना हा अपघात जास्त होतो, कारण एकच प्रोजेक्ट दोघं-तिघं हाताळतात. एकाने आवाज साफ करायला लिंक सोडलेली असते आणि पुढच्याला ते सांगितलेलं नसतं. लिंक सोडायची असेल तर टाइमलाइनची वेगळी प्रत करा आणि नावात तारीख घाला.

पोकळ आवाज येत असेल तर कॅमेऱ्याचा मूळ ट्रॅक म्यूट करायचा राहून गेलाय. पण म्यूट करण्याआधी त्याचा उपयोग करून घ्या. फोनचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज एकत्र वाजवा. प्रतिध्वनी ऐकू आला तर दोन्हींत अंतर बरंच आहे, नुसता पोकळपणा जाणवला तर अंतर काही मिलिसेकंदांचं आहे. डोळ्यापेक्षा कान इथे फार तेज असतो. खात्री झाली की मग म्यूट.

४. फाइल मूळ आहे का?

मूळ फाइल म्हणजे फोनने स्वतः साठवलेली, केबलने किंवा कार्डावरून कॉपी केलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल पुन्हा दाबलेली असते. तिचं रिझोल्यूशन उतरतं आणि फ्रेमच्या वेळाही बदलू शकतात. पाठवायचीच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग ती जशीच्या तशी जाते. आवाजाचंही तेच: रेकॉर्डरची वेव्ह फाइल कुणी मध्ये एमपी३ करून पाठवली असेल तर ती वापरू नका. एमपी३ बनवताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागा जोडली जाते, शिवाय बदलत्या बिटरेटची एमपी३ काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नीट मोजली जात नाही.

पुढचं सगळं या पायरीवर उभं आहे. आधी मूळ फाइली मिळवा, मग खाली वाचा.

५. टाळी पुन्हा लावा

चित्र आणि आवाज जुळवायला टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवतात. टाळीची फ्रेम शोधताना घाई होते. तळहात जवळ येतात त्या फ्रेममध्ये हात पुसट दिसतात, त्यापुढच्या फ्रेममध्ये ते चिकटलेले असतात. चिकटलेली पहिली फ्रेम घ्यायची. रेकॉर्डरच्या वेव्हफॉर्मवर झूम करा. टाळीचा उंचवटा समोरून कड्यासारखा सरळ वर जातो आणि मागे उतार असतो. त्या कड्याचा पायथा चिकटलेल्या फ्रेमच्या सुरुवातीला टेकवा. खरा स्पर्श दोन फ्रेमच्या मधल्या क्षणी झालेला असू शकतो, त्यामुळे एका फ्रेमपर्यंत चूक राहू शकते. ती चालते.

टाळीच नसेल तर स्वयंचलित सिंक वापरा. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधली चित्राची आणि आवाजाची क्लिप निवडून राइट-क्लिक केल्यावर ऑटो सिंक ऑडिओ आणि त्यात वेव्हफॉर्मवर आधारित पर्याय मिळतो. तो चालायला फोनचा स्वतःचा आवाज ऐकण्याजोगा असावा लागतो. पंखा चालू असेल, फोन लांब असेल किंवा फोनचा माइक बोटाखाली दबला असेल तर तो चुकतो. एकाच लांबलचक वेव्ह फाइलमध्ये तेच वाक्य सात टेकमध्ये सात वेळा असेल, तर तो भलत्याच टेकला जाऊन चिकटतो. अशा वेळी आधी वेव्ह फाइल टेकप्रमाणे तोडा.

लांबच्या शॉटमध्ये आणखी एक अडचण येते. हवेत आवाजाचा वेग साधारण ३४३ मीटर प्रतिसेकंद. फोन पात्रांपासून १२ मीटरवर असेल तर फोनच्या माइकमध्ये आवाज ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो, कॉलर माइकमध्ये मात्र लगेच. सॉफ्टवेअर दोन वेव्हफॉर्म एकमेकांना जुळवतं, ओठांकडे बघत नाही, म्हणून कॉलर माइकचा स्वच्छ आवाजही तेवढाच मागे ओढला जातो. मैदानात किंवा जिन्याच्या टोकावरून घेतलेल्या वाइड शॉटमध्ये सिंकनंतर आवाज एक फ्रेम आधी, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे, घ्या.

६. सॅम्पल रेट

व्हिडिओच्या कामात आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी घेतात. हातातले बरेच रेकॉर्डर आणि फोनची अ‍ॅप ४४,१०० वर असतात, कारण तो संगीताच्या सीडीचा आकडा. चांगलं सॉफ्टवेअर ४४,१०० ची फाइल आपोआप बदलून घेतं आणि काहीच बिघडत नाही. बिघडतं ते फाइलवर एक आकडा लिहिलेला आणि आत दुसराच असतो तेव्हा, किंवा कुणी रूपांतर करताना नमुने न बदलता नुसता आकडा बदलतो तेव्हा. ४८,००० चे नमुने ४४,१०० च्या वेगाने वाजले तर एक मिनिटाचा संवाद सव्वापाच सेकंदांनी लांबतो आणि आवाज साधारण दीड अर्धस्वर खाली उतरतो. मुलीचा आवाज थकलेला, जड वाटतो. उलट झालं तर मिनिट जवळपास पाच सेकंदांनी आखडतो आणि सगळे घाईत, चिरक्या आवाजात बोलतात.

तपासायला मीडियाइन्फो हे मोफत साधन घ्या. फाइल त्यात टाका, ऑडिओच्या भागात सॅम्पलिंग रेट वाचा. संशय आला तर ऑडॅसिटीमध्ये फाइल उघडा, ट्रॅकच्या मेनूमधून रेट ४८,००० करून ऐका. आवाज माणसासारखा आणि लांबी चित्राएवढी झाली की त्याच रेटवर नवी वेव्ह काढा.

७. फ्रेम रेट: प्रोजेक्टचा, क्लिपचा आणि कुणीतरी हाताने बदललेला

रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप आत आली की प्रोजेक्टचा फ्रेम रेट पक्का होतो. क्लिप वेगळ्या रेटची असेल तर सॉफ्टवेअर विचारतं, बदलू का? घाईत "हो" म्हटलं जातं. एका फोनची ३० ची क्लिप, दुसऱ्याची २५ ची, तिसऱ्याची चुकून ६० वर राहिलेली, अशी भेसळ असली तरी त्याने सिंक जात नाही. सॉफ्टवेअर फ्रेम गाळून किंवा दुप्पट करून कालावधी तोच ठेवतं. हालचाल थोडी झटके देते, एवढंच.

सिंक जातो तो कुणी क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन ३० च्या क्लिपवर २५ लिहिलं की. आता तेच फ्रेम सावकाश वाजतात, चित्र २० टक्क्यांनी लांबतं, वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज मात्र तेवढाच राहतो. क्लिपचा रेट मूळ आकड्यावर परत न्या.

वाढत्या तफावतीचा वेगच कारण सांगतो. ही मोजणी कागदावर करून पाहा:

मिनिटाला सुमारे ६० मिलिसेकंद, म्हणजे दीड फ्रेम: कुठेतरी २९.९७ ला ३० किंवा २३.९७६ ला २४ धरलं आहे. एक हजारात एकाचा फरक.

मिनिटाला सुमारे अडीच सेकंद: २४ आणि २५ ची अदलाबदल.

मिनिटाला पाच सेकंद किंवा थोडं जास्त: वरचा सॅम्पल रेटचा घोळ.

मिनिटाला दोन-तीन मिलिसेकंद किंवा त्याहून कमी: हा फोन आणि रेकॉर्डर यांच्या स्फटिक-घड्याळांतला नैसर्गिक फरक. दहा लाखात ५० एवढा फरक धरला तरी तीन मिनिटांच्या टेकमध्ये तो नऊ मिलिसेकंद भरतो. एका फ्रेमचा पाव भागही नाही. "आमचा रेकॉर्डर स्वस्तातला आहे म्हणून सुटतो" हे निदान सराव-सीनसाठी जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. तासाभराचं नाटक अखंड शूट केलं तर गोष्ट वेगळी.

८. फोनचा बदलता फ्रेम रेट

उड्या मारणाऱ्या सिंकचं मुख्य कारण हे. "३० एफपीएस" निवडलं म्हणजे फोन सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेईलच असं नाही. रात्री एका ट्यूबलाइटखाली सीन चाललाय. प्रकाश कमी पडतो, ऑटो एक्स्पोजरला शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं असतं, पण ३० ला एका फ्रेमला मिळतो सेकंदाचा तिसावा भाग. मग फोन फ्रेमची संख्याच कमी करतो, २४ वर किंवा त्याही खाली. पात्र खिडकीपाशी गेलं, उजेड वाढला, पुन्हा ३०. मे महिन्यात गच्चीवर शूट करताना तापलेला फोनही फ्रेम गाळतो. फोन प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये बरोबर लिहून ठेवतो, म्हणून फोनच्या गॅलरीत सिंक ठीक दिसतो. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असं मानायला गेलं की आवाज सुटतो.

मीडियाइन्फोमध्ये व्हिडिओच्या भागात फ्रेम रेट मोड बघा. "व्हेरिएबल" दिसलं म्हणून घाबरू नका, खालचे किमान आणि कमाल आकडे वाचा. किमान २९.९ आणि कमाल ३०.१ असेल तर ते निरुपद्रवी आहे. किमान १५ किंवा २० दिसलं तर गुन्हेगार सापडला.

उपाय हँडब्रेक या मोफत साधनात आहे. मूळ फाइल उघडा. व्हिडिओ टॅबमध्ये एच.२६४ निवडा, फ्रेमरेट ज्यावर शूट केलं तोच ठेवा आणि त्याखालचं "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडा. ३० ची फाइल इथे २५ करू नका, पॅन शॉट झटके देतील. क्वालिटीची आरएफ पट्टी १६ ते १८ वर आणा. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. ऑडिओ टॅबमध्ये सॅम्पल रेट ४८ करा. आधी एकाच टेकवर करून पाहा, दोन्ही टोकांना सिंक मोजा आणि मगच बाकीच्या फाइली रांगेत लावून रात्रभर चालू द्या. मूळ फाइली पुसू नका. नव्या फाइलींच्या नावाला "सीएफआर" जोडा, नाहीतर एडिटमध्ये जुन्या-नव्या मिसळतात. प्रीमियर वापरत असाल तर अशा क्लिपच्या स्रोत सेटिंगमध्ये आवाजाचा सिंक जपायचा पर्याय असतो, त्याने काही वेळा रूपांतर टळतं. पण लॅपटॉप हळू असेल तर रूपांतर केलेलंच बरं.

फ्रेम रेट स्थिर असूनही उड्या असतील तर आवाजाच्या फाइलकडे वळा. फोनच्या बऱ्याच व्हॉइस रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये शांत जागा वगळायची सोय असते. बैठकीच्या नोंदींसाठी ती उपयोगी, संवादासाठी घातक. पात्र चार सेकंद गप्प राहिलं, अ‍ॅपने ती चार सेकंदं ठेवलीच नाहीत. ओळखायची खूण: प्रत्येक लांब विरामानंतर आवाज आणखी पुढे पळतो. गेलेली शांतता परत येत नाही, पण वाक्यं शाबूत असतात. प्रत्येक विरामापाशी आवाज तोडा, पुढचं वाक्य ओठांना जुळवा, मधल्या रिकाम्या जागेत त्याच खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, भरा.

९. ताणणं किंवा आखडणं, सगळं करून झाल्यावरच

कारण सापडलं नाही, पण तफावत एकाच गतीने वाढते आणि टेकच्या दोन्ही टोकांना टाळ्या आहेत, तर आवाजाचा वेग बदलता येतो. चित्रात दोन टाळ्यांमधलं अंतर फ्रेममध्ये मोजा, तेच आवाजात मोजा. चित्रात ३,००० फ्रेम आणि आवाजात ३,००३ असतील तर ३,००३ भागिले ३,०००, म्हणजे १००.१ टक्के वेग आवाजाला द्या. एवढ्या बदलाने स्वर बदललेला कानाला कळत नाही. एक टक्क्याच्या वर जायची वेळ आली तर थांबा: सहाव्या किंवा सातव्या पायरीत काहीतरी निसटलं आहे. आणि उड्या मारणाऱ्या सिंकवर हा उपाय लावू नका, दोन्ही टोकं जुळतील आणि मधला सगळा संवाद बिघडेल.

कुठे थांबायचं

रेकॉर्डरची बॅटरी रेकॉर्डिंग चालू असताना गेली आणि फाइल शून्य केबीची दिसते, किंवा कार्ड लॅपटॉपला लावल्यावर "फॉरमॅट करा" असा संदेश येतो: कार्ड काढून ठेवा. फॉरमॅट नाही, त्यावर पुढचं शूट नाही, मोफत सॉफ्टवेअरचे प्रयोग नाहीत. आवाजाचा डेटा बहुतेकदा आतच असतो, फक्त फाइलची नोंद अपुरी राहिलेली असते. प्रत्येक नवं लिखाण त्यावर चढतं. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या आणि किंमत आधी विचारा.

फोनच्या स्वतःच्या कॅमेरा अ‍ॅपने, स्वतःच्या माइकने घेतलेली दिवसाच्या उजेडातली क्लिप त्याच फोनच्या गॅलरीत, ब्लूटूथशिवाय, सुटलेली दिसत असेल तर आधी फोन अपडेट करा, स्टोरेज मोकळं करा. तरीही तेच असेल तर सर्व्हिस सेंटर. एडिटमध्ये त्याचं उत्तर नाही.

प्रेक्षागृहातच उशीर असेल, तुमच्या लॅपटॉपवर नसेल, तर तिथल्या तंत्रज्ञाला सांगा. साउंड सिस्टीममध्ये उशिराची सेटिंग असते. त्यासाठी तुमची एक्सपोर्ट बिघडवू नका.

टाळी नाही, फोनचा आवाज बंद ठेवलेला, आणि वीस-पंचवीस टेक. हे हाताने जुळवता येतं, पण सवयीच्या साउंड एडिटरला जे दोन तासांत जमतं त्याला तुमचे दोन दिवस जातील. त्याच्याकडे जाताना मूळ व्हिडिओ फाइली, मूळ वेव्ह फाइली, शूटचा फ्रेम रेट, कुठला टेक वापरला याची यादी आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) छापलेली लहान एक्सपोर्ट द्या. ताणलेल्या, रूपांतर केलेल्या फाइली दिल्यात तर त्याचं अर्धं काम ते उलटं करण्यात जाईल.

आणि दोन पानांचा सीन असेल, पात्रं गावातच असतील, तर पुन्हा शूट करणं हाही खरा उपाय आहे. खोली लावलेली असेल तर दोन तासांत होतो. ते शक्य नसेल तर डबिंग. आपल्याकडे सिनेमा कित्येक दशकं डबिंगवर उभा होता, कारण आरीफ्लेक्स २सी सारख्या कॅमेऱ्यांच्या खडखडाटात सेटवरचा संवाद वापरता येत नसे. त्यामुळे या कलेची जाण असलेली माणसं आपल्या आसपास भरपूर आहेत. मात्र डबिंगमध्ये नटाला वाक्य आठ-दहा वेळा म्हणावं लागतं, ऊर तितकाच भरून. सरावाचा उद्देश अभिनय असेल तर तो वेळ हाताशी ठेवा.

पुढच्या शूटआधी

सगळे फोन एकाच रेटवर ठेवा, शक्य असेल तर २५. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मावळतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की चित्रात पट्टे चालत नाहीत. फोन फक्त ३० देत असेल तरी शटर १/५० च ठेवा. आयफोनमध्ये कॅमेरा सेटिंगमधून पाल फॉरमॅट चालू केल्यावर २५ दिसतो, आणि ऑटो एफपीएस बंद करायचं तेही तिथेच. इतर फोनवर प्रो मोड किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप फ्रेम रेट बांधून ठेवतं. उजेड कमी पडला तर दिवा वाढवा, फोनला तडजोड करायला लावू नका.

रेकॉर्डर वेव्ह, ४८,०००, २४ बिट. आवाज घेणारा फोन एअरप्लेन मोडवर, बॅटरी सेव्हर बंद, शांत जागा वगळायची सोय बंद.

रोलची हाक ठरलेल्या क्रमाने: आधी साउंड, मग कॅमेरा, मग "सीन एक, शॉट तीन, टेक दोन" आणि टाळी. टाळी वाजवणाऱ्याने हात बाजूने दाखवायचे, तळहातांची कड कॅमेऱ्याकडे, म्हणजे स्पर्श दिसतो. "कट" म्हटल्यावर कॅमेरा बंद करण्याआधी दुसरी टाळी. एरवी सीन-टेक लिहिलेली पाटी उलटी धरून टेकच्या शेवटी टाळी वाजवली तर "सुरुवातीची राहिली होती" असा तिचा अर्थ होतो, म्हणून दोन्ही असतील तेव्हा पाटी सरळच ठेवा. रोज शूट संपताना सगळ्यांनी गप्प उभं राहून ३० सेकंद रूम टोन.

साउंडवाल्याकडे वही हवी: फाइलचं नाव, शॉट, टेक, टाळी होती की नाही, आणि मध्ये काय वाजलं.

आणि शूटच्या आदल्या दिवशी तीन मिनिटांची चाचणी: त्याच खोलीत, त्याच दिव्यात, त्याच फोनवर आणि रेकॉर्डरवर कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं, सुरुवातीला आणि शेवटी टाळी. क्लिप केबलने लॅपटॉपवर घ्या, पहिली टाळी जुळवा आणि थेट शेवटच्या टाळीवर जा. फरक एका फ्रेमच्या आत असेल तर दुसऱ्या दिवशी सेटिंगला हात लावू नका.